वाचकांचे प्रश्न : एका दहा अंकी मूळ संख्येची पारख

प्रश्न : संगणक शिकणारा माझा नातू सांगतो की, बत्तीस बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असून ती मूळ संख्या (त्याच्या शाळेतल्या हिंदीत ‘अभाज्य’) आहे. गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ मध्येच हे सिद्ध केले होते म्हणे. यंत्राविना इतके भागाकार त्यांनी कसे केले? आणि संगणकासाठी ही संख्या मूळ असल्यामुळेच निवडली का?
— एक निवृत्त शिक्षक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : निवडीचे कारण ते नव्हे. बत्तीसपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हाकडे गेला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केलेली संख्या. ती मूळ निघाली हा योगायोग आहे. सोळा बिटांच्या ३२,७६७ ला आणि चौसष्ट बिटांच्या मर्यादेलाही ७ ने निःशेष भाग जातो.

आता ऑयलर. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित मोठे आहे आणि तिथपर्यंत साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. ज्यांची दृष्टी त्या सुमारास जवळजवळ गेलेली होती, अशा ऑयलर यांनी त्या सगळ्यांनी भागून पाहिले नाही. समजा, ‘भ’ या मूळ संख्येने आपल्या संख्येला पूर्ण भाग जातो. मग २ च्या ३१ व्या घाताला ‘भ’ ने भागल्यास बाकी १ उरते. गणितज्ञ फर्मा यांच्या प्रमेयानुसार २ च्या (भ − १) व्या घातालाही बाकी १ च उरते. आणि ३१ स्वतः मूळ असल्यामुळे (भ − १) ला ३१ ने भाग जाणे भाग पडते. ‘भ’ विषम आहे, म्हणून ६२ ने. हा नियम लहान संख्येवर पडताळता येतो : २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यास २,०४७ मिळतात, त्यांचे अवयव २३ आणि ८९, आणि दोन्ही २२ च्या पटीहून एकाने अधिक आहेत. (घातांक मूळ असला की संख्याही मूळ असते, हा समजही येथेच गळून पडतो.)

दुसरी चाळणी याहून सुंदर आहे. २ च्या ३२ व्या घाताला ‘भ’ ने भागल्यास बाकी २ उरेल, म्हणजे २ च्या १६ व्या घाताच्या वर्गाची बाकी २. आणि ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत एखाद्या वर्गाची बाकी २ येते, त्यांना ८ ने भागल्यास १ किंवा ७ च उरतात. दोन्ही अटी जुळवल्या की ‘भ’ ला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ उरलेच पाहिजेत. अशी पहिली मूळ संख्या ३११, आणि तिच्यानंतरची थेट १,३०३! ४६,३४० पर्यंत अशा ऐंशीच्या आसपासच संख्या उरतात. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग जात नाही. ३११ ने भागल्यास बाकी ३५ उरते. १,३०३ चा भागाकार आपण नातवाकडूनच करून घ्यावा, मात्र कागदावर.