माल्टाला मित्राकडे पहिल्यांदाच जाताय?

मित्राचंच घर आहे म्हणून कागदपत्रांत ढिलाई नको. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतं, म्हणून शेंगेन व्हिसा काढावा लागतो. मित्राचं निमंत्रणपत्र आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा जोडा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यासाठी लवकरच करा.

जुलै-ऑगस्टचं ऊन आपल्यालाही भोवतं, त्यामुळे दुपारी घरीच थांबा, पोहायला संध्याकाळी जा. एक दिवस मात्र शेजारच्या गोझो बेटाला द्याच! माल्टाच्या चिर्केव्वा बंदरातून मोटारी नेणारी फेरी सुटते. जाताना तिकीट नाही, पैसे परतताना घेतात. निघताना गरम पास्तित्सी घ्या. खारीसारखे पापुद्रे, आत रिकोटा किंवा वाटाणा. शाकाहारी असाल तर पिठात चरबी आहे का, हे नक्की विचारा.

प्लग तिथे ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी पिनांचे. अ‍ॅडॅप्टर इथूनच न्या.