वाचक विचारतात : मावळच्या गडांसमोर, वाऱ्याच्या भरवशावर

थंडीच्या सहलींचे बेत सुरू झाले की पॅराग्लायडिंगविषयीची पत्रे वाढतात. या वेळी उत्तरासाठी निवडलेले तिन्ही प्रश्न कामशेत आणि पवन मावळ परिसराचे आहेत.

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पाच जण मुंबईहून पुण्याला मोटारीने जाणार आहोत. वाटेत कामशेतला थांबून तँडेम, म्हणजे पायलटसोबत एकाच ग्लायडरवर, पॅराग्लायडिंग करावे, असा मुलांचा हट्ट आहे. मला स्वतःला इतिहासाची आवड आहे आणि एका जाहिरातीत ‘लोहगडावरून उड्डाण’ असे शब्द वाचले. खरोखर गडावरून नेतात का? आणि दुपारच्या दोन-तीन तासांत हे उरकून संध्याकाळी पुण्यात पोहोचता येईल का?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे, मात्र तेवढ्यावरून बेत रद्द करू नये. कामशेत परिसरात पर्यटकांना जी ‘जॉयराइड’ मिळते ती साधारण दहा-पंधरा मिनिटांची असते. पायलट मागे आणि प्रवासी पुढे अशी बैठक असते, आणि ज्या टेकडीवरून उड्डाण झाले तिच्याच उतारालगत, उताराला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या आधाराने पायलट घिरट्या घालत राहतो. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेचा, म्हणजे थर्मलचा, उपयोग करून अनुभवी पायलट कित्येक किलोमीटर दूर जातात हे खरे. परंतु तो वेगळा खेळ आहे आणि पहिल्यांदाच हवेत जाणाऱ्या प्रवाशासाठी तो नव्हे. तेव्हा लोहगड आपल्या पायाखाली येणार नाही. ज्या टेकडीवरून उड्डाण होईल तिच्यावर अवलंबून तो आणि त्याचे शेजारी समोर किंवा बाजूला दिसतील. माझ्या मते यात तोटा काहीच नाही, कारण गडाच्या माथ्यावर उभे राहून जे कळत नाही ते, म्हणजे त्याचे आजूबाजूच्या डोंगरांशी असलेले नाते, थोडे दुरून आणि उंचावरूनच उलगडते.

त्यासाठी प्रदेशाचा नकाशा मनात घेऊन जावे, कारण हवेत कोणी समजावून सांगणार नाही. कामशेत इंद्रायणीच्या खोऱ्यात आहे आणि दक्षिणेला पवनेचे खोरे आहे. या दोहोंच्या मधल्या रांगेवर लोहगड आणि विसापूर शेजारीशेजारी असून त्यांच्यामध्ये गायमुख खिंड आहे. विसापूरच्या इंद्रायणीकडील अंगाला भाज्याची लेणी आहेत, तर पवनेच्या बाजूला बेडशाची. पवनेच्या खोऱ्यावर उडण्याची संधी मिळाली तर धरणाचा जलाशय, तिकोन्याचा टोकदार माथा आणि तुंगचा सुळका एका नजरेत येतात. तुंगच्या पायथ्याशी आज तीन बाजूंनी पाणी दिसते, पण ते गेल्या शतकातले आहे. शिवकाळात हा गड खालच्या शेतांवर आणि वाटांवर नजर ठेवून होता, एवढे लक्षात असले म्हणजे त्याची जागा अशी का निवडली असेल ते आपोआप कळते.

विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे ही गोष्ट पुस्तकात वाचली तर एक आकडा वाटते. हवेतून पाहताना ती लष्करी संकट वाटू लागते. इंग्रजांनी १८१८ मध्ये आधी विसापूर घेतला, आणि उंचावरचा शेजारी शत्रूच्या हाती गेल्यावर लोहगड झुंज न देताच पडला. बळकट तटबंदी, एकामागोमाग एक दरवाजे, विंचूकाटा नावाची लांबवर गेलेली डोंगराची सोंड यांपैकी कशाचाही उपयोग का झाला नाही, हे दोन्ही माथे एकाच वेळी दिसले की सांगावे लागत नाही. याच नजरेने १६६५ चा पुरंदरचा तह आठवून पाहावा. मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. यादीत ती केवळ चार नावे आहेत. हवेतून पाहताना मात्र एका खोऱ्याची सगळी राखण एकदम काढून घेतली गेली होती, हे दिसते. लोहगड १६७० मध्ये स्वराज्यात परत आला आणि जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. त्यामुळे यंदा गर्दी अधिक असेल, हेही ओघाने आलेच.

उत्तरेकडे मान वळवली तर इंद्रायणीच्या खोऱ्यातून जुना महामार्ग, रेल्वे आणि द्रुतगती मार्ग जवळजवळ एकमेकांना धरून बोरघाटाकडे जाताना दिसतात. कोकणच्या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारे व्यापारी तांडे याच बाजूने चढत असत. कार्ला, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी एवढ्या जवळजवळ का खोदली गेली, याचे उत्तर त्या वाटेत आहे. दहा-पंधरा मिनिटांत एवढे पाहायचे असेल तर छायाचित्रांच्या नादात वेळ घालवू नये, असे मी आग्रहाने सुचवीन.

आता वेळेविषयी. पॅराग्लायडर वाऱ्याच्या समोर पळत जाऊन उचलावा लागतो आणि हवेतला त्याचा स्वतःचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या आसपास असतो. समोरचा वारा त्या वेगाच्या जवळ पोहोचला तर ग्लायडर पुढे सरकेनासा होतो, वारा पाठीवरून आला तर उड्डाण करताच येत नाही, आणि अगदी पडला तर प्रवाशाला बरेच अंतर धावावे लागते व हवेत टिकण्याचा अवधीही घटतो. थंडीत या भागात वारा बहुधा पूर्वेकडून आणि उन्हाळ्यात पश्चिमेकडून वाहतो, त्यानुसार उड्डाणाची टेकडीही बदलते. भर दुपारी थर्मलमुळे हवा खडबडीत होते, म्हणून नवख्यांना सकाळ किंवा उतरती दुपार बरी. म्हणजे आपण नेमकी जी वेळ काढून ठेवली आहे, तीच सर्वांत बेभरवशाची. टेकडीवर विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, पाहत तासन्‌तास बसून राहण्याला पायलट मंडळी गमतीने ‘पॅरावेटिंग’ म्हणतात. ते त्यांच्या खेळाचाच भाग आहे, परंतु सुट्टीवर आलेल्या आणि पुण्यात जेवणाला पोहोचायच्या घाईत असलेल्या कुटुंबाला ते सोसत नाही. घाईतला प्रवासी ‘आता तरी उडवा’ म्हणून पायलटच्या मागे लागतो, आणि ते दडपण कोणाच्याच हिताचे नसते.

शक्य असल्यास कामशेत किंवा पवनानगरच्या बाजूला एक रात्र मुक्काम करावा, म्हणजे एक संध्याकाळ आणि दुसरी सकाळ अशा दोन संधी हाती राहतात. मुक्काम जमत नसेल तर पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि वाट पाहण्याच्या वेळात बेडशाची लेणी पाहावीत. कामशेत–पवनानगर रस्त्यावरून ती जवळ पडतात आणि कार्ल्याच्या मानाने तिथे वर्दळ फारच कमी असते. चैत्यगृहासमोरच्या उंच खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत, त्यांचे दागिने आणि केशरचना निवांतपणे पाहाव्यात. लेण्यांचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळचे ऊन थेट आत येते. भाजेही चांगले, पण तिकडे गेल्यावर उड्डाण करवणाऱ्या कंपनीचा ‘या’ म्हणून फोन आला तर परतायला वेळ लागेल.

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय ५८ आहे. तिला पॅराग्लायडिंगची फार हौस आहे, पण गुडघे थोडे दुखतात. प्रवाशाला नेमके काय करावे लागते? आणि कंपनी निवडताना काय विचारावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वयाची अडचण नाही, गुडघ्याची असू शकते. प्रवाशाला ग्लायडर चालवावा लागत नसला तरी सुरुवातीला धावावे लागते आणि शेवटी पायांवर उतरावे लागते. गुडघ्यावर, कमरेवर किंवा मणक्यावर शस्त्रक्रिया झाली असेल, हृदयविकार असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि पायलटपासून काही लपवू नये. नुसते जिना चढताना दुखणारे गुडघे असतील, तर सपाट मैदानात वीस-तीस पावले जोरात पळून पाहण्यास सांगावे. वहिनींना ते जमले तर बहुधा टेकडीवरही जमेल. टेकऑफच्या जागेपर्यंत गाडी जाते की चढावे लागते, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

टेकडीवर प्रथम हेल्मेट आणि हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्ट्यांचे आसन, चढवतात. हार्नेसचे छातीचे पट्टे आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे असतात. मांड्यांचे पट्टे लागले आहेत हे पायलटने नुसते पाहून चालत नाही, हाताने ओढून खात्री केली पाहिजे, आणि वहिनींनी स्वतःही ओढून पाहावे. जगभर या खेळातले काही अत्यंत वाईट अपघात केवळ हे पट्टे लावायचे राहून गेल्यामुळे झाले आहेत. त्यानंतर दोघांचे हार्नेस कॅराबिनरने, म्हणजे धातूच्या कडीने, एकाच ग्लायडरला जोडले जातात. मागे जमिनीवर विंग, म्हणजे ग्लायडरचे कापडी पंख, पसरलेली असते. वारा योग्य वाटला की पायलट ती उचलतो आणि ‘पळा’ म्हणतो. त्या क्षणी कोणीतरी पाठीमागून धरून ठेवले आहे अशी जोराची ओढ जाणवते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच थबकतो किंवा ‘आता उडालोच’ असे समजून खाली बसतो. हे दोन्ही टाळायचे आहे. उडी मारायची नाही, बसायचे नाही, पाय अधांतरी सुटेपर्यंत आणि सुटल्यावरही दोन पावले धावत राहायचे. मग पायलट सांगेल तेव्हा हार्नेसच्या आसनात सरकून बसायचे. उतरताना तो पाय उचलून धरा म्हणतो किंवा उभे राहून दोन-चार पावले टाका म्हणतो. त्या वेळी त्याचेच ऐकावे, घोटा मुरगळण्याचे प्रसंग बहुतेक इथे येतात.

कंपनीविषयी पहिला प्रश्न नोंदणीचा. महाराष्ट्र शासनाचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले असून त्यानुसार अशा व्यवसायांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणण्यात संकोच वाटू नये. दुसरा प्रश्न पायलटचा. एकट्याने उडणे आणि प्रवासी घेऊन उडणे ही वेगळी कौशल्ये आहेत, म्हणून ‘तँडेमचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आहे का?’ असे स्पष्ट विचारावे. राखीव पॅराशूट असलेच पाहिजे. परंतु मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चौथाच प्रश्न : वारा अनुकूल नसल्यामुळे उड्डाण झाले नाही तर पैसे परत मिळतात का? जी कंपनी पूर्ण पैसे परत देते किंवा दुसरा दिवस देते, तिच्या पायलटला ‘आज नको’ म्हणणे सोपे जाते. पैसे परत न देणाऱ्या ठिकाणी प्रवासी स्वतःच उडण्याचा हट्ट धरतो. दर थोडा जास्त असला तरी मी पहिलीच निवडीन, आणि टेकडीवर पोहोचल्यावर तिने नकार दिला तर तिच्यावरचा विश्वास वाढवीन.

आपल्या आयुर्विमा किंवा अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेले आहेत का, तेही एकदा पाहावे. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात आणि कंपनीच्या संमतिपत्रावर सही करताना कोणी ते सांगत नाही.

प्रश्न : आम्ही सिंगापूरला राहतो. मुलाच्या शाळेला जूनमध्ये सुट्टी असते, तेव्हा गावी येतो. अकरा वर्षांच्या मुलाला कामशेतला नेता येईल का? तेव्हा सगळीकडे हिरवेगार असेल, शिवाय स्वतःच्या मोबाइलवर चित्रीकरण करण्याची त्याची इच्छा आहे.
— एक वाचक, सिंगापूर

उत्तर : जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कामशेतची उड्डाणे थांबतात आणि हंगाम पुन्हा साधारण ऑक्टोबरात उघडतो. पावसाळी ढगाखालचा वारा अचानक जोर धरतो, भिजलेली विंग नीट उडत नाही आणि उतरण्याच्या जागी चिखल असतो. त्या दिवसांत कोणी उडवायला तयार झालाच, तर त्याच्याकडे जाऊ नये. हिरवाई आणि उड्डाण दोन्ही हवे असेल तर ऑक्टोबर सर्वांत चांगला. तेव्हा गवत अजून पोपटी असते, जलाशय भरलेला असतो आणि पावसाने धुतलेल्या हवेत दूरचेही स्पष्ट दिसते. मे महिन्यातही उडतात, पण डोंगर करपलेले असतात आणि क्षितिज धुरकट.

मुलाच्या वयापेक्षा वजन महत्त्वाचे आहे. प्रत्येक तँडेम ग्लायडरला पायलट आणि प्रवासी मिळून किमान व कमाल वजनाची मर्यादा ठरलेली असते. फार हलकी जोडी जोराच्या वाऱ्यात मागे रेटली जाते, म्हणून कंपनी सडपातळ मुलाला एखाद्या दिवशी घेईल आणि एखाद्या दिवशी नाकारील. पालकांची लेखी संमती लागते, तेव्हा आई-वडिलांपैकी एकाने सोबत असावे. आजी-आजोबांवर ते सोपवू नये.

मोबाइल हातात घेऊन उडू देऊ नये. निसटला तर तो खाली शेतात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडू शकतो, आणि सेल्फी-स्टिकची दांडी दोऱ्यांत अडकली तर पायलटची पंचाईत होते. बहुतेक कंपन्यांकडे पायलटच्या हातात बांधलेला छोटा कॅमेरा असतो, त्याचे चित्रीकरण वेगळे पैसे देऊन मिळते. ते घ्यावे, आणि मेमरी कार्ड टेकडीवरून निघण्यापूर्वीच आपल्या फोनवर उतरवून घ्यावे.