बागेसाठी पर्सनल लोन घ्यावं का?

प्रश्न : नाशिकजवळ रो-हाउस घेतलं आहे. मागे-पुढे मिळून ९०० चौरस फूट मोकळी जागा आहे. बाग करून देणाऱ्यांनी ४ लाख २० हजारांचं कोटेशन दिलं : ६०० चौरस फूट लॉन, आठ मोठे पाम, गझिबो (बसायला छोटा मंडप), दिवे. देखभालीचे महिना ३,५०० वेगळे. ३ लाखांचं पर्सनल लोन (१४ टक्के, तीन वर्षं) घ्यावं आणि बाकीचे एफडीतून काढावेत, असा विचार आहे. एफडी साडेतीन लाखांची, अडीअडचणीसाठी तेवढीच. घरखर्च ६० हजार. ५,००० ची एसआयपी भरून महिन्याला १५ हजार उरतात. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो.

उत्तर : बाग जरूर करा, पण कर्ज काढून नको.

या कर्जाचा हप्ता साधारण १०,२५० रुपये बसेल आणि तीन वर्षांत व्याजापोटीच सुमारे ६९ हजार जातील. त्यात देखभालीचे ३,५०० धरले की १५ हजारांतले जेमतेम १,२५० उरतात. एफडी २ लाख ३० हजारांवर येईल, म्हणजे चार महिन्यांचा घरखर्चही त्यात निघणार नाही. शिवाय घर विकायची वेळ आली तर लॉन-पामचे वेगळे पैसे मिळतील, हे गृहीत धरू नका.

हप्ता तीन वर्षांनी संपेल, लॉनचा खर्च संपणार नाही. भर उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. ६०० चौरस फुटांना ते दिवसाला २८० लिटर होतं, महिन्याला ८,४०० लिटर. जिथे टँकर येतो तिथे हे परवडत नाही. रोज सहा तास ऊन येतं तेवढ्याच भागात, १५० चौरस फुटांवर लॉन ठेवा. भिंतीच्या सावलीत ते विरळ होतं आणि दरवर्षी नव्याने लावावं लागतं.

कोटेशनमध्ये मातीचं काम कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. नव्या घरांच्या अंगणात बहुतेक वेळा राडारोडा पुरलेला असतो. त्यावर तीन-चार इंच लाल माती पसरली की लागवड छान दिसते, पण मुळं खाली चुन्या-सिमेंटच्या थराला अडतात, पाणी साचतं आणि झाडं पिवळी पडतात. आधी पहारीने दोन-तीन ठिकाणी फूटभर खड्डे घ्या आणि पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा नाही. लागवडीची जागा ४०० चौरस फूट धरली, तर फूटभर खोदून माती बदलायला चार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती लागेल. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, १०० फुटांना एक फूट तरी हवा. जूनपर्यंतच्या तीन महिन्यांत साठणारे ४५ हजार याच कामाला ठेवा, दोघा-तिघांकडून दर घ्या आणि ठिबकच्या नळ्या माती भरतानाच टाकून घ्या.

झाडं पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत लावा. आठ पाम पूर्ण वगळा. मोठं झाड दुसरीकडे लावण्यासाठी उकरून काढताना त्याची बरीच मुळं तुटतात आणि ते मेलं तर सगळी रक्कम बुडते. त्याऐवजी कलमी सोनचाफा, पारिजातक, कढीपत्ता, तगर, जास्वंद, मोगरा यांची लहान रोपं घ्या. सोनचाफा भिंतीपासून दहा फूट दूर लावा. मोठ्या झाडांना दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरेसा, त्यात एक तृतीयांश कुजलेलं शेणखत. पिशवी फाडून काढा, गोल फिरलेली मुळं मोकळी करा. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा आणि त्याखाली येणारे फुटवे खुडत राहा, नाहीतर ज्यावर कलम बांधलंय तो खुंटच वाढतो.

गझिबो आणि दिवे पुढच्या वर्षीच्या शिलकीतून करा. दिव्यांची वायर जाईल तिथे रिकामा पाइप मात्र आत्ताच पुरून ठेवा, म्हणजे लावलेली बाग पुन्हा उकरावी लागणार नाही.

ठेकेदाराला सगळे पैसे एकदम देऊ नका. लागवडीचे १५ टक्के पुढच्या मेअखेरपर्यंत राखून ठेवा आणि तोवर मेलेली रोपं तो विनामूल्य बदलून देईल, असं करारात लिहून घ्या. रक्कम राखून ठेवायला तो तयार नसेल, तर रोपं बदलून देण्याचं कलम तरी सोडू नका. पावसाळ्यात जवळपास सगळंच तग धरतं, खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते.