आधी सा लाव

प्रिय मुली,

काल तुझा फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. रेकॉर्ड कंपनीला तुमच्या बँडचं ओवीचं गाणं हवंय, पण खालचा तंबोरा काढून, बीट टाकून आणि मधे दोन हिंदी ओळी घालून. ऐकलं नाही तर ड्रमर बँड सोडणार. एवढं मला समजलं. पण 'बँड मोडला तर सगळं वायाच ना?' हे तू ज्या आवाजात विचारलंस, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.

इंग्लंडमध्ये 'मॉन्सून' नावाचा पॉप बँड होता. स्टीव्ह को, मार्टिन स्मिथ आणि गायला शीला चंद्रा. ही लंडनची, 'ग्रेंज हिल' या शाळेवरच्या मालिकेत काम केलेली मुलगी. पॉप गाण्यात खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, बदलत राहतात. यांनी तंबोऱ्यासारखा एकच स्वर खाली धरला आणि त्यावर चाल बांधली. 'एव्हर सो लोन्ली' हेडफोन लावून ऐक. सतार-तबला चवीपुरता घालणारे इंग्रज बँड त्याआधीही होते. इथे गाण्याची बांधणीच त्या एका स्वरावर आहे. १९८१ मध्ये ते स्टीव्ह कोच्याच छोट्या 'इंडीपॉप' लेबलवर आलं. (नव्वदीत ज्या नावाखाली आम्ही कॅसेटी घेतल्या, ते नाव या माणसानं दहा वर्षं आधीच लावलं होतं.) मग फोनोग्राम या बड्या कंपनीनं त्यांना घेतलं, गाणं नव्यानं रेकॉर्ड झालं आणि १९८२ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत १२ व्या क्रमांकावर गेलं. शीला तेव्हा १७ वर्षांची होती.

पुढचं 'शक्ती' ४१ वर अडकलं. कंपनीशी संगीताच्या दिशेवरून पटेना. १९८२ संपायच्या आत बँड बंद. 'थर्ड आय' हा त्यांचा एकुलता अल्बम १९८३ मध्ये बाजारात आला, तेव्हा तो वाजवायला बँडच नव्हता.

आता सांग, काय वाया गेलं? शीला १९८४ मध्ये पुन्हा इंडीपॉपवर आली, एका वर्षात दोन अल्बम. त्यातल्या 'क्वाएट'मध्ये तर गाण्यांना शब्दच नाहीत. पुढे 'रिअल वर्ल्ड' या लेबलसाठी ती कोनक्कोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतात तोंडानं म्हणतात ते तालाचे बोल, नुसत्या गळ्यानं गायली. १९९६ च्या अल्बममध्ये तर खाली धरलेला तो स्वर, तो ड्रोन, हेच गाणं झालं. चौदा वर्षं तिनं एकच गोष्ट सोडली नाही. नंतर तोंडाच्या आजारानं तिचं गाणंच थांबलं. पण जे गाऊन झालं, त्यातला सा तिचा आहे.

म्हणून म्हणतो, आधी सा लाव. बँड, करार, ड्रमर हे सगळं त्यानंतर. तुला हे सांगावं लागतं याचा मला राग येतो, कारण तंबोरा जुळवायला तू माझ्यासमोर बसून शिकलीस. तिथे एक तार जरा उतरली तरी अस्वस्थ व्हायचीस, आणि इथे अख्खा तंबोरा काढू देतेस?

आमच्याही बँडला एका कंपनीनं बोलावलं होतं. माझ्या अभंगाच्या चालीखालचा तंबोरा काढा म्हणाले. बाकीचे तिघं गप्प बसले, हो मी म्हणालो. वडील अंथरुणाला खिळलेले, बहिणीचं लग्न ठरलेलं, आगाऊ रक्कम हातात पडणार होती. माझ्या जागी कुणीही सही केली असती, हे मी आजही म्हणतो. बहिणीचं लग्न त्या पैशांत झालं, याची मला लाज नाही. पण कॅसेट आली तेव्हा घरात ती कुणी दुसऱ्यांदा लावली नाही, मीसुद्धा नाही. बँड पुढे तीन वर्षं टिकला. त्या तीन वर्षांतली एकही चाल मला आज आठवत नाही, मुली. मूळ अभंग मात्र पहाटे अजून ओठांवर येतो, तंबोऱ्यासकट.

तुझ्या डोक्यावर माझ्यासारखं ओझं नाही. असेल तर सांग, पैशांचं बघू. पण घाबरून हो म्हणू नकोस. सा लाव आणि मग त्यांच्याशी बोल. बीट आणतात तर आणू दे, ती त्या स्वराच्या वर बसते का ते बघ. स्वर हलवायला सांगितला तर कागद परत कर.

रविवारी सकाळी ये. ड्रमरलाही आण, त्याला फक्त तासभर तंबोऱ्याशेजारी बसवायचंय. तंबोऱ्याची जव्हारी, तारेखालचा तो दोरा, मी लावून ठेवतो.

तुझा,
काका