‘2.30 एकर’ म्हणजे नक्की किती? क्षेत्राच्या स्तंभाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या सोयाबीनच्या नोंदींत लहान शेतकऱ्यांचे एकरी उत्पादन मोठ्यांच्या दुपटीहून अधिक दिसते आणि ‘R’ या संगणकभाषेतील एकके सांभाळणारे ‘युनिट्स’ पॅकेज मात्र कुठेही त्रुटी दाखवत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ही अडचण माझ्या चांगल्याच परिचयाची आहे. माझ्या मते दोष तुमच्या सूत्रात नसून क्षेत्राच्या स्तंभात आहे.

आपल्याकडे दोन एकर तीस गुंठे हे क्षेत्र सर्रास ‘2.30’ असे लिहितात. एकराचे 40 गुंठे असल्यामुळे ते खरे 2.75 एकर भरते, संगणक मात्र 2.30 एकरच धरतो. त्या शेतात 22 क्विंटल सोयाबीन झाले असेल, तर एकरी 8 क्विंटलऐवजी साडेनऊहून अधिक उत्तर येते. एकराच्या आतील शेतांचे सगळे क्षेत्रच गुंठ्यांत असल्याने त्यांचे उत्पादन नेमके अडीच पट फुगते. ही चूक नेहमी एकाच दिशेने होते, त्यामुळे सरासरी काढूनही ती जिरत नाही. शिवाय लहान शेताची निगा अधिक चांगली राखली जाते, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे असल्याने कोणाला शंका येत नाही. पॅकेज एकराचे हेक्टर बिनचूक करते आणि किलोत एकर मिळवू देत नाही, परंतु बिंदूनंतरचे अंक गुंठे आहेत हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझा सर्वाधिक वेळ घेतला तो एका कार्यालयाने. तेथून मिळालेल्या फाइलमध्ये स्तंभाचे नाव नुसते ‘क्षेत्र’ होते. एकक विचारले तेव्हा ऑपरेटरने ‘वरून आले तसे दिले’ असे सांगितले, साहेबांनी लेखी अर्ज मागितला आणि अर्जाला उत्तर आले, ‘नोंदीप्रमाणे’. एकक न लिहिता आकडे लोकांच्या हाती देणे हा मला गंभीर निष्काळजीपणा वाटतो.

तुम्ही प्रथम बिंदूनंतरचे दोन अंक गावनिहाय तपासा. ते 39 च्या पुढे कुठेच जात नसतील, तर बहुधा एकर-गुंठे आहेत. 40 ते 99 मधील अंकही भरपूर असतील, तर हेक्टर-आर किंवा दशांश एकर समजावे. सातबाऱ्यावरील हेक्टर-आर दशांश म्हणून चालतात, कारण 100 आर म्हणजे एक हेक्टर. मी महसूल खात्यातील नाही, म्हणून दोन-चार गटांचे सातबारे काढून पडताळा घ्यावा, हे बरे. स्तंभ आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणूनच वाचा आणि मूळ नोंद जपून हेक्टरचा वेगळा स्तंभ करा. एक्सेलमध्ये ‘1.20’ टंकले की साधारणतः ‘1.2’ उरते, आणि काही जण दोन गुंठेही तसेच लिहीत असल्यामुळे पुढे उलगडा होत नाही. सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एकक टिकत नाही. ते स्तंभाच्या नावातच लिहावे.

पुढे कापसाच्या नोंदी घेणार असाल, तर वजनाच्या स्तंभात कापूस आहे की रुई (सरकी काढलेला कापूस), हेही लिहून ठेवा. शेतकरी सांगतो ते क्विंटल सरकीसकट कापसाचे असतात, 170 किलोची गाठ मात्र रुईची असते. दोन्हीकडे एकक किलोच असल्यामुळे तेथेही पॅकेज हरकत घेत नाही.