ही केटी नव्हे

‘ताई, मी तासगावकडचा. पुण्यातून ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअरिंग करून जर्मनीत इलेक्ट्रॉनिक्सच्या मास्टर्सला आलो. हे तिसरं सेमिस्टर. ॲनालॉग सर्किट्समध्ये दोनदा उडालो, आता फेब्रुवारीत पुन्हा बसायचंय. केटी काय, विषय सगळ्यांचेच राहतात. पण झोप येत नाही. शुक्रवार-शनिवार रात्रभर गोदामात काम करतो. राहतं घर तारण ठेवून कर्ज काढलंय. आण्णांना “निकाल लागायचाय” एवढंच सांगितलंय. रूममेट म्हणतो, डेटा सायन्सला वळ. की सरळ परत येऊ?’

केटी मलाही लागली होती, एम-थ्रीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणितात, दोनदा. तिसऱ्यांदा सुटले तेव्हा मैत्रिणींना वडापाव चारला आणि विषय मिटला. आपल्याकडे फॉर्म भरायचा, पुन्हा बसायचं. तुझ्याकडे तसं नाही, आणि हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही ५.०, म्हणजे तिथला नापासाचा शेरा, आला तर प्रवेश जातो, आणि तोच अभ्यासक्रम तिथल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही.

घाबरवत नाहीये. पण या आठवड्यात पुस्तक उघडण्याआधी तुझ्या अभ्यासक्रमाची ‘प्रुफुंग्सऑर्डनुंग’, म्हणजे परीक्षेची नियमावली, उघड. शक्यतो जर्मन प्रतच बघ, कारण इंग्रजी भाषांतर बहुधा नुसतं सोयीसाठी असतं. हा विषय सक्तीचा आहे की बदलता येतो? तिसऱ्या परीक्षेला नाव आपोआप लागतं का? मागे घ्यायचं तर कुठल्या तारखेपर्यंत? तब्येत बिघडली तर डॉक्टरचा दाखला कधी द्यायचा? न कळवता गैरहजर राहणं म्हणजे बहुतेक ठिकाणी नापासच. कळलं नाही तर परीक्षा कार्यालयात जाऊन तोंडाने विचार. सीनियर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, तिथे प्रत्येक जण आपल्याच विद्यापीठाचा नियम सांगतो.

आता तू का उडतोस ते. डोकं कमी पडतंय असं मला वाटत नाही. आपण इन-सेम, एंड-सेम, म्हणजे सत्राच्या मधली आणि शेवटची परीक्षा, करत वाढलो. मागचे पेपर चाळायचे, ‘डिराइव्ह द एक्स्प्रेशन’ पाठ करायचं, युनिट ऑप्शनला टाकायचं. तिथे सगळे गुण बहुधा शेवटच्या एकाच लेखी परीक्षेवर, आणि समोर न पाहिलेलं सर्किट. फॉर्म्युल्यांचा कागद कधी कधी सोबत न्यायलाही देतात, पण मॉस्फेट ट्रान्झिस्टरचं स्मॉल-सिग्नल मॉडेल स्वतःच्या हाताने मांडता आलं नाही तर त्या कागदाचा काय उपयोग? दोन्ही वेळा तपासलेला पेपर बघायला गेला होतास का? ‘क्लाउझुरआइन्सिश्ट’ म्हणतात त्याला, तो तुझा हक्क आहे. मी पैज लावते, गेला नसशील. आपल्याला पेपर बघायची लाज वाटते. गुण नेमके कुठे गेले ते तिथेच कळतं. आणि ‘युबुंग’ला, म्हणजे उदाहरणं सोडवून घेतात त्या तासाला जात जा. जुन्या प्रश्नपत्रिका फाखशाफ्टकडे, म्हणजे तिथल्या विद्यार्थी मंडळाकडे, विचार.

मग ते गोदाम. पाच क्रेडिटच्या विषयाला १२५ ते १५० तास अभ्यास धरलेला असतो. तुझ्या आठवड्याच्या दोन रात्री म्हणजे सोळा तास. पंधरा आठवड्यांचे झाले २४०. शिवाय रविवार झोपेत जातो, तो वेगळाच. फेब्रुवारीपर्यंत हे काम सोड. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. परीक्षा झाली की विभागातच ‘हिवी’चं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं, काम बघ. पगार जेमतेम असतो, पण दिवसाचं काम आणि प्रयोगशाळेतलं.

‘पैसे कुठून आणू?’ म्हणशील. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात तेही पहिल्याच वर्षापुरते, हे मला माहीत आहे. म्हणूनच आण्णांशी बोलायला हवं. कर्जाचा पुढचा हप्ता सोडताना बँक बहुतेक वेळा गुणपत्रक मागते. म्हणजे ‘निकाल लागायचाय’ फार दिवस चालणारही नाही, आणि बँकेच्या साहेबांकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. तासगावकडचा म्हणतोस, म्हणजे घरी द्राक्षबाग असणार असं धरून चालते. फुलोऱ्यात पाऊस पडून गळकूज झालेली बाग ज्या माणसाने पाहिली, आणि तरी पुढच्या एप्रिलला छाटणी घेतली, त्याला एक विषय राहिला हे समजणार नाही? चार सेमिस्टरचा मास्टर्स पाच-सहात करणारे तिथे पुष्कळ आहेत, हेही सांग.

रूममेटचं डेटा सायन्स राहू दे. सर्किटचा कंटाळा आला असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. तू राहतोस त्या देशात एकट्या ड्रेस्डेनजवळ इन्फिनिऑन, बॉश आणि ग्लोबलफाउंड्रीज चिप बनवतात, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. परत यायचं की नाही हे फेब्रुवारीनंतर ठरव, नियमावली वाचून झाल्यावर. झोपेचं मात्र लांबवू नकोस. श्टुडिरेंडेनवेर्कचं, म्हणजे तिथल्या विद्यार्थी-सेवा संस्थेचं, समुपदेशन बहुतेक शहरांत मोफत असतं, पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतही.

फोन या रविवारी कर. तुझ्या दुपारी साडेतीनला आपल्याकडे आठ वाजलेले असतात, आण्णा बागेतून येऊन जेवायला बसायच्या बेतात असतील. आधी आईला सांगून तिच्याकडून निरोप पोचवायचा, हे नको. फोन त्यांच्याच हातात द्यायला सांग.