'पेनी-फार्दिंग' नेमकं कोणत्या सायकलीला म्हणायचं?

प्रश्न असा आहे: जुन्या सायकलींच्या छायाचित्रांखाली मराठीत ओळी लिहायच्या आहेत, तर त्या काळच्या सगळ्याच सायकलींना 'पेनी-फार्दिंग' म्हटलं तर चालेल का, की 'ऑर्डिनरी' लिहावं?

सगळ्यांना तर नाहीच. पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं चिमुकलं अशा ज्या सायकलीला हे नाव शोभतं, तिलाही ऐन भरात असताना कोणी तसं म्हणत नव्हतं. 1870 च्या दशकात मोठ्या चाकाची ही गाडी म्हणजेच 'बायसिकल', वेगळ्या विशेषणाची गरजच नव्हती. 1885 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली. पेडल मधोमध, चेन मागच्या चाकाला आणि बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकणारे. असल्या गाड्यांना 'सेफ्टी' म्हणत. त्या पसरल्या आणि जुनीला 'ऑर्डिनरी' म्हणायची पाळी आली. मोबाइल आल्यावर घरातला फोन 'लँडलाइन' झाला, तसाच हा प्रकार. 'पेनी-फार्दिंग' त्याच्याही नंतरचं. छापील उल्लेख 1891 चा सापडतो, म्हणजे गाडी मोडीत निघायच्या बेतात असतानाचा. नाव पेनी आणि फार्दिंग या जुन्या ब्रिटिश नाण्यांवरून पडलं खरं, पण हिशोब जुळत नाही. पेनी सुमारे 31 मिलिमीटरची आणि फार्दिंग 20 ची, म्हणजे दीडपट. गाडीचं पुढचं चाक 52 इंची असेल तर मागचं 17-18 इंची, जवळजवळ तिप्पट!

पुढचं चाक एवढं मोठं का, तर पेडल थेट त्याच्याच आसाला. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. 52 इंची चाक त्यात चार मीटरपेक्षा थोडं जास्त जातं. वेग हवा तर चाक वाढवा, आणि ते वाढवायची मर्यादा चालवणाऱ्याच्या तंगडीची लांबी. सायकलवाले आजही गिअर 'इंचात' मोजतात ते याच चाकामुळे: चेनच्या पुढच्या चक्रीला 44 दात, मागच्या चक्रीला 18 आणि चाक 28 इंची असेल, तर गिअर साधारण 68 इंच, म्हणजे थेट पेडल असलेल्या 68 इंची चाकाएवढा. 'सेफ्टी' या नावामागचं कारणही तिथेच आहे. बसणारा पुढच्या आसाच्या जवळजवळ वर असायचा. चाकाला दगड आडवा आला किंवा ब्रेक जोरात दाबला की अख्खी गाडी आसाभोवती पुढे फिरायची, पाय हँडलखाली अडकायचे आणि माणूस तोंडावर आपटायचा. त्या पडण्याला 'हेडर' हा खास शब्द होता.

आता छायाचित्रांकडे. चाकं लाकडी, त्यांवर लोखंडी धाव, दोन्ही चाकं बरीचशी सारखी आणि पेडल पुढच्या आसाला असेल, तर ती 1860 च्या दशकातली पॅरिसच्या मिशो धाटणीची 'व्हेलोसिपीड'. हाडं खिळखिळी करायची म्हणून इंग्रजीत 'बोनशेकर'. हिला पेनी-फार्दिंग म्हणणं ही नेहमी दिसणारी चूक. पेडलच नसेल तर ती कार्ल द्राइसची 1817 ची धावगाडी, पण तिच्या काळातलं छायाचित्र मिळणारच नाही. दगेरचं छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं 1839 मध्ये, त्यामुळे जे दिसतं ते खोदचित्र तरी असतं किंवा जपून ठेवलेल्या गाडीचा पुढे काढलेला फोटो.

मोठ्या चाकाच्या गाडीवर माणूस ऐटीत निश्चल बसलेला दिसला, तर आधार शोधा: भिंत, मित्राचा हात किंवा मागे लपवलेली काठी. थांबलेल्या गाडीवर तोल राहत नाही आणि कॅमेऱ्यातल्या काचेवर चित्र उमटण्याइतका उजेड पडेपर्यंत हलायची सोय नव्हती. लहान चाक पुढे असेल तर ती अमेरिकन 'स्टार', छाप उलटी पडलेली नव्हे. मोठं चाक जरा बेताचं आणि पुढच्या आसाला दोन्ही बाजूंनी चेन असेल, तर 1884 ची 'कांगारू' आठवावी.

ओळीत 'मोठ्या चाकाची सायकल, 1880 चं दशक' एवढं लिहिलं तरी पुरतं. 'ऑर्डिनरी' तसंच ठेवावं, 'सामान्य सायकल' असं भाषांतर केलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. 'दुचाकी'ही टाळलेली बरी, हल्ली तो शब्द ऐकला की स्कूटरच डोळ्यांपुढे येते. मूळ छापेवर शाईने 'पेनी-फार्दिंग' लिहिलेलं असेल, तर ती नोंद बहुधा फोटोनंतर बऱ्याच वर्षांनी कोणीतरी केलेली असणार. तिच्यावरून साल ठरवू नये.